थेट विचारायचं, आणि आजच

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. दहावीला ९१ टक्के मिळाले म्हणून ठाण्यातल्या एका जेईईच्या इंटिग्रेटेड क्लासला घातलं. फीचा दुसरा हप्ता भरताना माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या. दिवाळीनंतर तो वरच्या बॅचमधून तिसऱ्या बॅचला गेला. तेव्हापासून चिडचिड करतो, नीट जेवत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. शनिवारी त्याची रफ वही चाळताना मागच्या पानावर लिहिलेलं दिसलं : ‘मी नसतो तर यांचे पैसे तरी वाचले असते. सगळं संपवावंसं वाटतं.’ मिस्टरांना दाखवलं तर म्हणाले, नाटकं आहेत, मोबाइल काढून घे, सरळ होईल. मला त्याला विचारायची भीती वाटते. नसलेलं डोक्यात घुसलं तर? माझ्या धाकट्या दिरांनी सहा वर्षांपूर्वी आत्महत्या केली. मुलांना आम्ही अपघात सांगितलाय. घरात सासूबाई आहेत, सातवीतली मुलगी आहे. कुणाकडे जाऊ? कॉलेजात कळलं तर त्याचं नाव खराब होईल का?
– एक आई, ऐरोली

उत्तर :

ताई, कारणांकडे नंतर येऊ. आधी आज संध्याकाळी काय करायचं ते.

त्याला विचारा, आणि स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती जवळजवळ प्रत्येक आईवडिलांना वाटते. पण यावर अभ्यास झाले आहेत, या वयाच्या मुलांवरही झाले आहेत, आणि विचारल्यामुळे धोका वाढतो असं त्यांत दिसलेलं नाही. विचार त्याच्या मनात आधीच आहे, त्यानं तो लिहूनही ठेवलाय. तुम्ही विचारलंत की तो एकट्याचा राहत नाही, एवढाच फरक पडतो.

जेवणाच्या टेबलावर नको, सासूबाईंसमोर नको. जेवणं झाल्यावर त्याला घेऊन खाली एक चक्कर मारा. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा शेजारी चालताना या वयाची मुलं जास्त बोलतात. वही वाचली हे लपवू नका. म्हणा : ‘तुझ्या वहीच्या मागचं मी वाचलं. न विचारता वाचलं, त्याबद्दल सॉरी. मी चिडलेली नाहीये. मला खरं ऐकायचंय. तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ आणि मग गप्प राहा. ती शांतता लांबली तरी तुम्ही भरून काढू नका.

‘तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं मात्र विचारू नका. या प्रश्नाला ‘नाही’ एवढंच उत्तर चालतं, हे मुलांना बरोबर कळतं, आणि ती तेवढंच देतात.

तो ‘हो’ म्हणाला, तर तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. पण ‘आमचा विचार केलास का?’ आणि ‘तुला काय कमी केलं आम्ही?’ ही दोन वाक्यं ओठांवर आली तरी गिळा. त्याच्या कानाला त्यांचा अर्थ एकच लागतो, की आणखी एक त्रास मी दिला. त्याऐवजी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि पुढचं विचारा. हा विचार किती वेळा येतो? कसं करायचं हे मनात ठरलंय का? कधी, तेही ठरलंय? त्यासाठी काही जमवून ठेवलंय? याआधी कधी प्रयत्न केलास, स्वतःला इजा करून घेतलीस? ‘नकोसं झालंय, झोपावं आणि उठूच नये’ इथपर्यंत असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जायचं. मार्ग ठरलाय, वेळ ठरलीय, काही जमवलंय किंवा आधी प्रयत्न झालाय, यांतल्या एकालाही ‘हो’ आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. १०८ किंवा ११२ ला फोन करा. सकाळची वाट बघायची नाही.

‘छे, सहज लिहिलं होतं’ म्हणाला तरी डॉक्टरांची भेट ठरवाच, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा. पहिल्यांदा विचारल्यावर बरीच मुलं फक्त अंदाज घेतात, की ही ऐकून घेईल की घर डोक्यावर घेईल. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असं तो म्हणाला तर ते वचन देऊ नका. ‘ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून’ एवढं म्हणा. तेवढं तुम्हाला पाळता येईल.

आजच करायचं दुसरं काम घरातलं आहे. टोकाची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते. कित्येकदा काही मिनिटांत, फार तर काही तासांत. त्या वेळात हाताशी काही नसेल तर मूल वाचतं, आणि वाचलेली बहुतेक मुलं पुढे जगतात. म्हणून सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या असतील तर त्या, घरात साठलेली उरलीसुरली औषधं, सगळं आज मोजून कपाटात कुलूपबंद करा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. सासूबाईंना रोजची गोळी तुम्ही काढून द्या. जुनी औषधं टाकून द्या, नवी आठवड्यापुरतीच आणा. घरात झुरळं-उंदरांसाठी काही आणलेलं असेल तर तेही घराबाहेर काढा. इमारतीच्या गच्चीचं दार उघडं राहत असेल तर सेक्रेटरींना कुलूप लावायला सांगा. मुलं वर जातात, एवढं कारण पुरतं. मुलापासून हे चोरून करू नका. ‘काही दिवस औषधं कुलपात ठेवतेय, तुझी काळजी वाटते म्हणून’ असं सरळ सांगा.

मोबाइल काढून घेऊ नका. बॅच बदलल्यावर जुन्या मित्रांशी जो काही धागा उरलाय तो बहुधा त्या फोनमध्येच आहे, आणि रात्री मदत मागायची वेळ आली तर तोच लागेल. रात्री अकरानंतर घरातल्या सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम वेगळा. तो जरूर करा, मिस्टरांच्या फोनसकट. हॉलमधून फोन कधीही उचलता येईल हेही त्याला सांगून ठेवा.

आता त्याच्या वाक्याकडे येऊ. ‘मी नसतो तर यांचे पैसे तरी वाचले असते.’ अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलं, की आत्महत्येच्या विचारामागे दोन भावना पुन्हा पुन्हा दिसतात : मी माझ्या माणसांवर ओझं आहे, आणि मी कुणाचाच नाही. तुमच्या मुलाच्या एका ओळीत पहिली पूर्ण आलीय. दुसरी त्या बॅचबदलात आहे : शेजारी बसणारे मित्र गेले, डबा खायची जागा गेली, ओळखीचे सर गेले. आणि ‘सगळं संपवावंसं वाटतं’ यात तिसरी, अडकल्याची भावना आहे. हा रस्ता जमत नाही आणि सोडताही येत नाही, कारण त्याच्यासाठी आईच्या बांगड्या गेल्यात.

त्यामुळे घरातलं पहिलं औषध पैशाच्या बोलण्यावर. बांगड्या, हप्ते, ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’ हे त्याच्या कानावर पडणं आजपासून बंद. आणि एकदा स्पष्ट सांगा : ‘क्लासला घालायचा निर्णय आमचा होता. ती फी तुझ्यावरची उधारी नाही. क्लास सोडायचा असेल तर सोडता येईल, पैसे परत मिळोत न मिळोत.’ नुसतं ‘टेन्शन घेऊ नकोस, मार्कांचं काय एवढं’ म्हणू नका. वर्षभर घरात मार्कांचंच चाललंय, त्याला ते पटणार नाही. खरा पर्याय समोर ठेवलात तर पटेल. जेईईची तयारी सोडून बारावी बोर्ड आणि राज्याची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी एवढंच करूनही महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, आणि त्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्केच वजन असतं. म्हणजे अकरावीचं हे वर्ष हुकलं म्हणून दार बंद झालेलं नाही. हा हिशोब त्याच्यासोबत कागदावर मांडा.

मिस्टरांशी भांडू नका, एक गोष्ट विचारा : नाटक करणारा माणूस प्रेक्षकांसमोर करतो, यानं तर कुणी बघणार नाही अशा पानावर लिहिलंय. शिवाय लक्ष वेधण्यासाठी मरणाची भाषा करावी लागत असेल, तर तीही मदतीची हाकच आहे. त्यांच्यावर काम सोपवा. औषधांचं कुलूप, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, क्लासच्या ऑफिसातली भेट. घाबरलेला बाप बऱ्याचदा चिडून बोलतो. हाताला काम मिळालं की निवळतो. आणि जमेल तेव्हा त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणावं, ‘मी चुकीचं बोललो असेन, तू आम्हाला हवा आहेस.’ आईनं दहा वेळा सांगितलेलं आणि वडिलांनी एकदा सांगितलेलं, या वयाच्या मुलाला दोन्ही लागतं.

क्लासचा मामला वेगळ्यानं हाताळावा लागेल. टेस्टच्या मार्कांवर बॅच वरखाली करायची आणि रँकची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकायची, ही रीत अनेक ठिकाणी आहे, आणि ती मुलांसाठी घातक आहे असं आम्ही ठामपणे म्हणतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना आणि क्लासेसना मार्गदर्शक सूचना दिल्या. शक्यतो मार्कांवरून मुलांच्या बॅच वेगळ्या करू नयेत, त्यांना सर्वांसमोर कमी लेखू नये, आणि १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा, हे त्यात आहे. भेटीला जाताना हा संदर्भ लक्षात ठेवा. आवाज चढवायची गरज पडत नाही. मागणी नेमकी करा : याचा रँक ग्रुपवर नको, महिनाभर टेस्टमधून सूट, जुन्या दोन मित्रांबरोबर बसायची मुभा. वहीत काय लिहिलंय हे तिथे सांगायची गरज नाही. ‘तब्येतीमुळे डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरे.

मात्र सगळं मार्कांमुळेच आहे असं धरून चालू नका. दिसतं ते कारण पालक पटकन पकडतात आणि न दिसणारं राहून जातं. काही दिवसांनी वेगळं विचारा : तिथे कुणी त्रास देतं का? चिडवतं, मारतं, ग्रुपमधून काढतं? कुणी आवडत होतं आणि तुटलं का? कुणी नको तिथे हात लावला, फोटो मागितले, धमकी दिली? ऑनलाइन ओळखीतून फोटो काढून घेऊन पैसे मागायचे प्रकार मुलग्यांच्या बाबतीतही होतात, आणि शरमेनं मुलगे तोंडातून शब्द काढत नाहीत. तसं निघालं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायची. तो अठराच्या आतला आहे, म्हणून मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण मुलगा असला तरी त्याला आहेच.

आता त्याच्या मनाचं आणि शरीराचं. या वयात नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ चिडचिड किंवा उदासी, आवडत्या गोष्टीत रस नाही, भूक आणि झोप बिघडलेली, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, ‘मी काही कामाचा नाही’ असं वाटणं, ही त्याची लक्षणं. आणि इथे एक तपासायला हवं. बॅच खाली गेली म्हणून तो खचला, की आधीच खचत चालला होता म्हणून बॅच खाली गेली? नैराश्यात एकाग्रता जाते, मार्क पडतात, आणि घर समजतं की मार्क पडले म्हणून मूल उदास आहे. क्रिकेट खेळायला जाणं कधी थांबलं, डबा अर्धा परत यायला कधी लागला, सकाळी उठायला त्रास कधीपासून, या गोष्टी आठवून महिन्यांसकट एका कागदावर लिहा. डॉक्टरांना पहिल्या भेटीत याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

झोपेचंही बघा. सकाळी कॉलेज, मग ठाणे, रात्री परत ऐरोली, आणि दोनपर्यंत जागरण. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्याला जेमतेम चार-पाच मिळत असेल. कमी झोपेत मन काळंच बघतं आणि ऊर्मी आवरायची ताकद घटते. सगळ्या गोष्टींत ही तुमच्या हातात लगेच आहे : अकरानंतर पुस्तक बंद, राहिलेला अभ्यास राहू दे.

दिरांबद्दल. जवळच्या नात्यात आत्महत्या झालेली असली तर धोका काहीसा वाढतो, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. मुलालाही सांगावं लागेल, कारण दहाव्या वर्षी घरात काय झालं ते मुलं कुजबुजीवरून ओळखतात, आणि मग शिकतात की या घरात हा विषय काढायचा नसतो. आज नको, उपचार सुरू झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून. तपशील न देता : ‘काका अपघातानं गेले नाहीत. ते आजारी होते, मनाचा आजार. मदत घेतली नव्हती. आम्हाला तेव्हा कळलं नाही, म्हणून तुझ्या बाबतीत आम्ही थांबणार नाही.’

कुणाकडे जायचं? आज रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन : १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. तुम्हीही फोन करू शकता, मुलगाही. अठराखालच्यांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहेच. प्रत्यक्ष भेटीसाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर, आधी. समुपदेशक त्यांच्या जोडीला. वाशीला महापालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा आपण सगळ्यांनी ऐकलाय, त्यापायी तिथे जायला लाजू नका. पहिल्या भेटीत डॉक्टर तुमच्याशी आणि मुलाशी वेगवेगळं बोलतील. त्याला एकट्याला आत बसू द्या.

डॉक्टरांसोबत, किंवा भेट लांबणीवर असेल तर घरीच, त्याच्याकडून एक पान लिहून घ्या. हे पान त्याच्या शब्दांत हवं, तुमच्या नाही. विचार वाढू लागल्याची खूण कोणती (‘टेस्टनंतर खोलीत कोंडून घेतो’). तेव्हा एकट्यानं काय करता येतं : अंघोळ, गाणी, खाली उतरून फेऱ्या. कुणाकडे नुसतं जाऊन बसता येतं. मन मोकळं करायला कुणाला फोन करायचा, दोन नावं आणि नंबर. मग डॉक्टर आणि १४४१६. शेवटी घरात काय कुलपात आहे. ‘मी असं काही करणार नाही’ अशी शपथ त्याला घ्यायला लावू नका, सही करून घेऊ नका. त्याचा उपयोग होत नाही आणि पुढच्या वेळी सांगायला मूल कचरतं. या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असू द्या.

औषध सुरू झालं तर तीन गोष्टी. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. नैराश्याच्या काही औषधांनी या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि असे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा रोज लक्ष ठेवा, काही बदल वाटला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. भीतीनं औषध मध्येच मात्र तोडू नका. आणि तो अचानक एकदम शांत, मोकळा झाला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर ‘सुटलो एकदाचे’ म्हणू नका. त्याच दिवशी पुन्हा विचारा.

नाव खराब होण्याची भीती सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय असते. कॉलेजला ती तुमच्या संमतीशिवाय मिळत नाही. प्रयत्न झाला तरी त्या माणसाला शिक्षा करण्याऐवजी तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याची काळजी घ्यायची, अशी या कायद्याची भूमिका आहे. पोलीस केसच्या धाकानं दवाखाना टाळू नका. विमा पॉलिसी असेल तर मानसिक आजाराला संरक्षण देणंही कंपनीवर बंधनकारक आहे, अटी तेवढ्या वाचून घ्या.

राहिली धाकटी. घरात कुजबूज चाललीय हे तिला कळलंच असेल. ‘दादाला सध्या खूप उदास वाटतं, डॉक्टर मदत करताहेत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही’ एवढं सांगा. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम तिला देऊ नका. पण दादानं मरणाबद्दल काही म्हटलं, किंवा ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं, तर ते गुपित ठेवायचं नाही, धावत येऊन सांगायचं, आणि त्याबद्दल दादा रागावला तरी आई रागावणार नाही, हे तिला आजच सांगून ठेवा.